मुरूम, साखर आणि रसाचा ग्लास: सुरुवात कुठून करायची

मुरमांवर काय प्यावं असं कुणी विचारलं की गाजर-बीट, दुधी, कडुनिंब, कोरफड अशी रसांची यादी हमखास मिळते. काय बंद करावं, हे मात्र यादी देणारा क्वचितच सांगतो. खाण्यापिण्याने मुरमांवर जो काही फरक पडतो, त्यातला मोठा वाटा कमी केलेल्या गोष्टींचा असतो. नव्याने सुरू केलेल्या रसाचा वाटा त्यामानाने किरकोळ. म्हणून या लेखात रस चौथ्या पायरीवर येतो. आधीच्या पायऱ्या गाळून थेट तिथे उडी मारलीत, तर ज्यूसरचे पैसे जातील आणि चेहरा आहे तसाच राहील.

आधी थोडं शरीराचं. त्वचेत केसांच्या मुळाशी तैलग्रंथी असतात. वयात येताना अँड्रोजेन म्हणजे पुरुषी संप्रेरकं (मुलींमध्येही ती असतात) वाढतात आणि या ग्रंथी जास्त तेल बनवू लागतात. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी चिकटून बूच बसतं, आत क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस नावाचे जिवाणू वाढतात आणि सूज येते. आहाराचा संबंध येतो तो इन्शुलिनमार्फत. झटकन साखर होणारं अन्न पोटात गेलं की रक्तातलं इन्शुलिन चढतं आणि त्याच्या जोडीने आयजीएफ-१ नावाच्या संप्रेरकाचा जोरही वाढतो. ही दोन्ही तैलग्रंथींना आणि अँड्रोजेनला चालना देतात. ‘रक्त अशुद्ध झालंय’ किंवा ‘पोट साफ नाही’ ही घरोघरी ऐकू येणारी कारणं या साखळीत कुठेच बसत नाहीत. रक्त गाळायचं काम यकृत आणि मूत्रपिंडं बिनबोभाट करत असतात, त्यांना डिटॉक्सच्या बाटलीची गरज नसते.

मग आहाराने नेमका किती फरक पडतो? मेलबर्नमध्ये ४३ तरुण मुलांवर झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, रक्तातली साखर सावकाश वाढवणारा आहार १२ आठवडे घेणाऱ्यांचे मुरूम सरासरी २३च्या आसपास कमी झाले. नेहमीचं खाणाऱ्या गटातही सुमारे १२ कमी झाले. म्हणजे फरक पडला, पण निम्मी घट काहीही न बदलता झाली होती. शिवाय आहार बदललेल्या मुलांचं वजनही उतरलं होतं, त्यामुळे सगळं श्रेय ताटाला देता येत नाही. अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहाराबद्दल ठाम शिफारस करण्याइतका पुरावा नाही, असंच म्हटलं आहे. तेव्हा आहार हा औषधाच्या जोडीला. औषधाच्या जागी तो ठेवू नका.

पायरी १: फोटो आणि वही

पहिल्या आठवड्यात काहीही बदलू नका. खिडकीजवळ, दिवसाच्या एकाच वेळी, फिल्टर न लावता तीन फोटो काढा: समोरून, डावीकडून, उजवीकडून. नंतर दर दोन आठवड्यांनी त्याच जागी, त्याच उजेडात. रोज आरशात बघून काही कळत नाही, उलट बोटं पुळीकडे जातात आणि डाग पडतात. मुलींनी फोटोशेजारी पाळीची तारीखही लिहावी. पाळीच्या आधीच्या आठवड्यात पुळ्या उठणं नेहमीचं आहे, त्यामुळे तुलना करायची ती चक्रातल्या त्याच दिवसांशी.

वहीत फक्त खाणं लिहून भागत नाही. डोक्याला लावलेलं तेल, नवीन क्रीम, जिममधली पावडर, ताकदीच्या गोळ्या हेही उतरवा. कपाळावर केसांच्या रेषेलगत बारीक पुळ्यांची रांग असेल, तर ताटावर संशय घेण्याआधी चंपीच्या तेलावर घ्या. बी-१२च्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी किंवा इंजेक्शनांनीही काहींना मुरूम उठतात. डॉक्टरांनी कमतरतेसाठी दिलं असेल तर मात्र त्यांना न विचारता बंद करू नका.

पायरी २: साखर कुठून येते ते शोधा

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. पुण्यात वसतिगृहावर राहणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याचा साधा दिवस घेऊ. सकाळी चहा, त्यात दोन चमचे साखर: अंदाजे १० ग्रॅम. सोबत चार ग्लुकोज बिस्किटं: आणखी ५ ते ६ ग्रॅम. कॉलेजच्या टपरीवर दोन कटिंग: मिळून १० ग्रॅम, टपरीवाल्याचा हात सैल असेल तर जास्त. संध्याकाळी ‘आज काहीतरी हेल्दी’ म्हणून ज्यूस सेंटरवर मोसंबीचा मोठा ग्लास. त्यात तीन-चार मोसंब्यांची स्वतःची साखर १५ ते २० ग्रॅम, आणि वरून स्टीलच्या डब्यातलं साखरेचं पाणी. बेरीज ५० ग्रॅमच्या वर गेली आणि या मुलाने दिवसभरात गोड म्हणून काहीच खाल्लेलं नाही. जागतिक आरोग्य संघटना अशी मोकळी साखर रोजच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांखाली, शक्य तर ५ टक्क्यांखाली ठेवायला सांगते. २००० कॅलरींच्या आहारात याचा अर्थ ५० ग्रॅम, आणि शक्य तर २५. या मोजणीत फळांच्या रसातली साखरही धरली जाते. अख्ख्या फळातली धरली जात नाही.

आता कापायला सुरुवात. चहा सोडायची गरज नाही, चहातली साखर दर आठवड्याला अर्ध्या चमच्याने उतरवा. एकदम बिनसाखरेचा चहा करणारे बहुतेक जण चौथ्या दिवशी जुन्या चहावर परततात. गूळ किंवा मध घालून फार काही साधत नाही, इन्शुलिनच्या दृष्टीने तीही साखरच. कोल्ड्रिंक मात्र हळूहळू नाही, सरळ बंद. ३०० मिलीच्या एका बाटलीत ३० ग्रॅमच्या वर साखर असते.

उसाच्या रसाचं काय, हा प्रश्न उन्हाळ्यात ठरलेला. रसवंतीवर घुंगरांच्या आवाजात आलं-लिंबू घातलेला ग्लास हातात आला की तो ‘नैसर्गिक’ वाटतो, आणि तो आहेही. पण भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२४च्या आहारविषयक सूचनांप्रमाणे उसाच्या रसात १०० मिलीला १३ ते १५ ग्रॅम साखर असते. २०० मिलीचा ग्लास म्हणजे दिवसभराचा २५ ग्रॅमचा कोटा एका घोटात. महिन्यातून कधी मित्रांबरोबर प्यायलात तर चेहरा बिघडणार नाही. रोजच्या रोज ‘थंडावा’ म्हणून मात्र नको.

डब्यातल्या, पुठ्ठ्याच्या खोक्यातल्या रसाबद्दल फार लिहीत नाही. ‘१०० टक्के फळांचा रस’ हा दावा वेष्टनावरून काढून टाका, असा आदेश अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जून २०२४मध्ये दिला, एवढं पुरे.

पायरी ३: ताट

वरण-भात, भाजी-पोळी सोडून कुठलंतरी परदेशी सॅलड खायची गरज नाही. आपल्या ताटात फक्त प्रमाण बदलायचं आहे. भाताचा डोंगर आणि त्यावर वरणाचा ओघळ असेल तर ते उलटं करा: भात एक वाटी, वरण किंवा उसळ दोन वाट्या. ज्वारी-बाजरीची भाकरी, मटकी-चवळीची उसळ, पालेभाजी, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि शेंगदाण्याची किंवा जवसाची चटणी हे जेवण या कामासाठी जवळपास तयारच आहे. प्रथिनं, तंतू आणि थोडी चरबी सोबत असली की पिष्टमय अन्न सावकाश पचतं. जमलं तर कोशिंबीर आणि उसळीने सुरुवात करा, भात शेवटी.

नाश्त्याला पोहे असतील तर कांदा, मटार, शेंगदाणे भरपूर आणि सोबत उकडलेलं अंडं किंवा मोड आलेले मूग. साबुदाणा हा जवळजवळ निव्वळ स्टार्च आहे. उपवासाच्या दिवशी वरईचा भात आणि शेंगदाण्याची आमटी त्याहून बरी, राजगिऱ्याची भाकरीही चालेल.

‘तेलकट खाल्लं म्हणून चेहरा तेलकट’ हे समीकरण दिसायला सोपं आहे, पण कढईतलं तेल सरळ गालावर येत नाही. वडापाव रोज खाणाऱ्याने काळजी करायचीच असेल तर मैद्याच्या पावाची आणि बटाट्याची करावी. चॉकलेटचा वाद जुना आहे. १९६९च्या एका अभ्यासात चॉकलेटने मुरमांत फरक पडत नाही असं दिसलं, पण तुलनेसाठी दिलेल्या बिनचॉकलेटच्या वडीतही तेवढीच साखर आणि चरबी होती, त्यामुळे त्यावर बरीच टीका झाली. आंब्याच्या बाबतीत प्रश्न प्रमाणाचा. जेवणानंतर एका हापूसच्या फोडी खाणं वेगळं आणि साखर घातलेल्या आमरसाच्या तीन वाट्या पुऱ्यांबरोबर रिचवणं वेगळं. ‘आंबा उष्ण पडतो’ म्हणून मुलांना अख्ख्या मोसमात आंब्याला हात लावू न देणारी घरं आहेत. एवढं कठोर व्हायचं काही कारण मला दिसत नाही.

मासे खाणाऱ्यांनी आठवड्यातून दोनदा बांगडा किंवा तारली खावी. दोन्ही स्वस्त आणि दोन्हींत ओमेगा-३ चांगलं. शाकाहारींनी जवस-अक्रोडावर भागवावं. जस्तासाठी तीळ, काजू, भोपळ्याच्या बिया, डाळी. जस्ताच्या गोळ्या मनाने सुरू करू नका, जास्त झालं तर मळमळ होते आणि दीर्घकाळ घेतलं तर शरीरातलं तांबं कमी होतं.

पायरी ४: आता रस

पहिला नियम: जे फळ चावून खाता येतं ते चावून खा. दुसरा: रस करायचाच असेल तर भाज्यांचा, फळ चवीपुरतं. तिसरा: गाळू नका. यासाठी महागडा कोल्ड प्रेस ज्यूसर लागत नाही, उलट तो चोथा वेगळा काढून टाकतो आणि आपल्याला नेमका तोच हवा असतो. घरचा मिक्सर उत्तम. चौथा नियम म्हणजे रस जेवणासोबत किंवा नाश्त्यासोबत घ्यायचा. सकाळी अनशापोटी रस प्यायल्याने वेगळं काही घडत नाही आणि जेवणाच्या बदली रस तर मुळीच नको. वाढीच्या वयातल्या मुलांना चार-चार दिवस नुसत्या रसावर ठेवणाऱ्या ‘क्लेन्स’पासून लांब राहा.

एक रस नीट सांगते, बाकीचे तुम्ही त्यावरून जमवाल. मध्यम काकडी घ्या. टोक कापून आधी चाखा, कडू असेल तर ती काकडी बाद. एक आवळा चिरून बी काढा. आवळ्याचा मोसम नसेल तर अर्धं लिंबू. मूठभर कोथिंबीर, सात-आठ पुदिन्याची पानं, बोटाच्या पेराएवढं आलं, चिमूटभर मीठ, अर्धा पेला पिण्याचं पाणी. पाला दोन-तीन पाण्यांतून धुवा, देठांत माती राहते. मिक्सरमध्ये आधी काकडी आणि पाणी फिरवून मग पाला घाला, म्हणजे पातं अडकत नाही. जाडसरच प्या. पहिल्या दिवशी चव रानटी वाटेल. भाजलेल्या जिऱ्याची पूड घातली की बरीच माणसाळते. साखर जवळपास नाही आणि आवळ्यातून क जीवनसत्त्व भरपूर मिळतं. करून ठेवू नका, लगेच प्या. कच्चा रस तासनतास बाहेर राहिला तर मुरमांआधी पोट बिघडेल.

दुसरा: एक टोमॅटो, अर्धं गाजर, बीटच्या दोन चकत्या, लिंबू. बीट घेतल्यावर लघवी लालसर झाली तर घाबरू नका. रोज मोठमोठे ग्लास भरून गाजराचा रस पिणाऱ्यांचे तळहात पिवळे पडतात, तेही निरुपद्रवी. पण प्रमाण हाताबाहेर गेल्याची ती खूण.

कोकणातल्या किंवा गोव्यातल्या वाचकांना तर वेगळं काही शोधायलाच नको. कोकमाचं आगळ पाण्यात घालून वर जिरेपूड टाकली की झालं. फक्त आगळ खारट असतं, तेव्हा वेगळं मीठ घालू नका. अमृतकोकम म्हणून बाटलीत मिळतं ते साखरेच्या पाकातलं, ते वेगळं. नारळाच्या दुधातली सोलकढी जेवणासोबत खुशाल प्या. देशावर पातळ ताक आहेच.

आता ज्यांच्याबद्दल सावध करायचं ते रस. दुधीचा रस कडू लागला तर पहिल्याच घोटाला थुंकून टाका. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. तो ‘औषध म्हणून’ नेटाने पिऊन रक्ताच्या उलट्या झाल्याच्या आणि माणसं दगावल्याच्या घटना आपल्या देशात घडल्या आहेत, आणि त्यानंतर वैद्यकीय संशोधन परिषदेने याबद्दल इशाराही दिला. कडूपणा म्हणजे गुणकारी, ही आपल्याकडची समजूत इथे जिवावर बेतते. माझं मत विचाराल तर दुधीची भाजीच करावी, आणि तीही आधी तुकडा चाखून.

कोरफडीच्या पानातून निघणारा पिवळा चीक जोरदार रेचक आहे, गर्भवतींनी तर तो टाळायलाच हवा. कडुनिंबाचा रस गर्भवतींना आणि लहान मुलांना देऊ नये. पालक आणि बीट यांत ऑक्झलेट, म्हणजे मुतखडा बनवू शकणारं द्रव्य, जास्त असतं. रोज लिटरभर हिरवा रस प्यायल्याने मूत्रपिंडं निकामी झाल्याचे रुग्ण वैद्यकीय नोंदींत आहेत. ज्यांना मुतखडा झालाय त्यांनी या वाटेला जाऊच नये. मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांनी कारल्याचा रस डॉक्टरांना सांगूनच घ्यावा. आणि उरलेलं लिंबू चेहऱ्यावर चोळू नका. लिंबाचा रस लागलेली त्वचा उन्हात भाजल्यासारखी होते आणि काळे डाग महिनोन्‌महिने राहतात.

पायरी ५: दूध आणि पावडर

साखर आणि ताट सांभाळून १२ आठवडे झाले आणि फोटोंत फरक नाही, तरच इकडे या. एकदम सगळं बदललं तर कशाने काय झालं ते कळणार नाही. बारा आठवडे अशासाठी, की छिद्रात बूच बसल्यापासून पुळी डोळ्यांना दिसेपर्यंत आठवडेच्या आठवडे जातात. आज दिसणारी पुळी तुमच्या आजच्या नाश्त्याची नसते.

दूध आणि मुरूम यांचा संबंध निरीक्षणांवर आधारलेल्या अभ्यासांत दिसतो, विशेषतः साय काढलेल्या दुधाशी. दह्याशी तो तितकासा दिसत नाही. म्हणून करून बघायचं असेल तर पेल्याने प्यायचं दूध आणि मिल्कशेक बंद करा, दही-ताक चालू ठेवा. चहातल्या दोन चमचे दुधावरून घरात वाद घालू नका. दुधाऐवजी नाचणी आणा. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. जोडीला तीळ आणि राजगिरा.

जिमला जाणाऱ्या मुलांनी मात्र १२ आठवडे थांबू नये. व्हे प्रोटीन, म्हणजे दुधापासून केलेली प्रथिनांची पावडर, सुरू केल्यावर पाठीवर, छातीवर पुळ्या उठल्या असतील तर आधी तो डबा बाजूला ठेवा. अंडी, सोयाबीन, हरभरे, डाळी यांवर शरीर कमावता येतं. ट्रेनरने ‘खास’ म्हणून दिलेली गोळी किंवा इंजेक्शन असेल तर त्यात ॲनाबॉलिक (स्नायू वाढवणारं) स्टेरॉइड असण्याची शक्यता धरून डॉक्टरांना दाखवा.

पायरी ६: डॉक्टरकडे कधी

खोल, दुखणाऱ्या गाठी असतील, खड्डे पडायला लागले असतील किंवा चेहऱ्यामुळे बाहेर जाणंच टाळायला लागलात, तर पहिल्या पायरीच्याही आधी त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. खड्डे पडून गेल्यावर कुठलाही रस ते भरून काढत नाही. पाळी अनियमित, हनुवटीवर राठ केस आणि जबड्याच्या कडेने मुरूम असं एकत्र असेल तर पीसीओएसची, म्हणजे बीजकोश आणि संप्रेरकांच्या बिघाडाची, तपासणी करून घ्या. कपाळावर, छातीवर एकसारख्या बारीक, खाजणाऱ्या पुळ्या असतील तर ते बुरशीचं असू शकतं आणि त्याचं औषध वेगळं असतं.

औषधाच्या दुकानातून मैत्रिणीच्या सांगण्यावरून आणलेलं ‘गोरं करणारं’ मलम वापरत असाल तर ते सोबत न्या. त्यात बरेचदा स्टेरॉइड असतं. सुरुवातीला चेहरा उजळतो, नंतर त्याच मलमाने मुरूम उठतात.

औषधं सुरू झाली की खाण्याशी त्यांचं वेळापत्रक जुळवा. डॉक्सिसायक्लिन हे मुरमांवरचं प्रतिजैविक दुधाबरोबर, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नका, शोषण कमी होतं. पाण्याचा पूर्ण ग्लास प्या आणि घेतल्यावर लगेच आडवे होऊ नका, अन्ननलिकेला जखम होते. आयसोट्रेटिनॉइन हे तीव्र मुरमांवरचं, अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं औषध नुसत्या फळांवर किंवा रसावर घेऊ नका, ते तेल-तुपाच्या जेवणासोबत नीट शोषलं जातं. त्यासोबत अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या बंद, आणि ते चालू असताना गर्भधारणा होणार नाही याची पक्की काळजी घ्यावी लागते, कारण बाळात गंभीर व्यंग येऊ शकतं. डॉक्टरांकडे जाताना ती वही आणि फोटो न्या. प्यायलेल्या रसांची आणि चूर्णांची नावंही न लाजता सांगा.